गोबर गॅस, सूर्यशक्ती आणि चूल : पालघर जिल्ह्यातील घरांचा हिशेब

बियाणे, खत, मजुरी, बैलांची वैरण यांचा जमाखर्च मांडण्याची सवय आता पुष्कळ शेतकऱ्यांना लागली आहे. परंतु घरात रोज जळणाऱ्या इंधनाचा आणि जळणाऱ्या दिव्यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो. सरपण रानातून येते, शेण गोठ्यात असते, म्हणून ते फुकट आहे अशी समजूत असते. आणि वीजबिल तर भरायचेच, म्हणून त्यातील आकड्यांकडे कोणी पाहत नाही. अशा घरात एखादे नवे साधन आणले, तर ते परवडले की नाही हे ठरवायला माप उरत नाही. मग अनुदान मिळते म्हणून साधन येते आणि दोन पावसाळ्यांनंतर गोठ्यामागे गंजत पडते. ज्याचा उपयोग होत नाही ते साधन कितीही स्वस्तात मिळाले असले, तरी सर्वांत महागच होय.

पालघर जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात किनारपट्टीवरील बागायती गावे, बोईसरची औद्योगिक वसाहत आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगराळ पाडे असे तीन निरनिराळे प्रदेश आहेत. पालघर तालुक्यातील तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र सुरू झाले. २००५ व २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेच्या आणखी दोन अणुभट्ट्यांची त्यास जोड मिळाली. आणि याच जिल्ह्यातील पाड्यांवर डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारी स्त्री आजही दिसते. यात प्रथमदर्शनी विसंगती वाटते. परंतु कारण साधे आहे. मोठ्या केंद्रातील वीज ही शेजारच्या घरासाठी वेगळी काढलेली नसते. ती पश्चिम विभागाच्या वाहिन्यांच्या जाळ्यात जाते आणि ज्याला ती विकत घेणे परवडते त्याच्याकडे पोहोचते. शिवाय खेड्यातील घराची ऊर्जेची मोठी गरज दिव्याची नसून चुलीची असते. म्हणून घरच्या ऊर्जेचा विचार चुलीपासून सुरू करणे योग्य ठरेल.

गोबर गॅसची पूर्वपीठिका

शेण व मैला कुजवून जळणारा वायू मिळविण्याचा प्रयोग आपल्या प्रांताला नवा नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून मिळणारा वायू दिव्यांसाठी वापरला जात असे. पुढे जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या टाकीचा, एका कुटुंबास पुरेल असा नमुना तयार केला. खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो १९६० नंतरच्या काळात देशभर नेला. १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि १९८४ मध्ये विटांच्या स्थिर घुमटाचा ‘दीनबंधू’ हा कमी खर्चाचा नमुना पुढे आला. देहू येथे डॉ. मापुसकर यांनी संडासास जोडलेल्या गॅस-संयंत्राचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. या सर्व प्रयत्नांचे फळ म्हणून घरगुती गोबर-गॅस संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र देशात अग्रभागी आहे. परंतु बांधलेली संयंत्रे आणि चालू असलेली संयंत्रे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक आहे.

शेण किती, पाणी किती

संयंत्राचा आकार घरातील माणसांवरून ठरवावा असे सामान्यतः वाटते. वास्तविक तो गोठ्यात हाती लागणाऱ्या शेणावरून ठरवावा लागतो. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो, म्हणजे दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज ५० किलो शेण लागते. एका माणसाच्या दोन वेळच्या स्वयंपाकास साधारणपणे पाव घनमीटर वायू लागतो. त्या मानाने पाच माणसांच्या घरास सव्वा घनमीटर पुरतो आणि पाहुणा-रावळा, चहापाणी धरून दोन घनमीटरचे संयंत्र सोयीचे ठरते.

हे ५० किलो शेण कोठून यावयाचे? गोठ्यात बांधून खाणारी म्हैस रोज सुमारे १५ किलो शेण देते. मोठा बैल किंवा गाय सुमारे १० किलो देते. परंतु डोंगराळ भागातील गुरे लहान असतात आणि दिवसभर रानात चरतात. त्यांचे निम्मे शेण रानातच पडते आणि रात्रीचे तेवढे गोठ्यात मिळते. ते एका जनावरामागे पाच किलोही भरत नाही. अशा दोन बैलांचे १० किलो शेण धरले, तर ४०० लिटर वायू होतो. एवढ्यावर दीड माणसाचा स्वयंपाक होईल, पाच माणसांचा नव्हे. तेव्हा ‘घरी जनावरे आहेत’ एवढ्यावर संयंत्राची शिफारस करणे म्हणजे शेतकऱ्यास खर्चात टाकणे होय. कार्यकर्त्याने आठ दिवस रोज सकाळी घमेल्याने शेण मोजून घ्यावे आणि त्याची सरासरी काढावी.

जितके शेण तितकेच पाणी, हा दुसरा नियम. ५० किलो शेणास ५० लिटर पाणी, म्हणजे चार-पाच हंडे. किनारपट्टीवर विहिरीजवळ हा प्रश्न नाही. परंतु मोखाडा व जव्हार तालुक्यांतील अनेक पाड्यांवर पावसाळ्यात धो धो पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. तेथे संयंत्रासाठी हंडा कोण आणील, हे आधी विचारले पाहिजे. गुरांच्या मूत्राचा व गोठा धुतलेल्या पाण्याचा उपयोग करून ही गरज काही अंशी भागविता येते. राखेचे, साबणाचे अथवा फिनेलचे पाणी मात्र टाकू नये, कारण त्याने वायू तयार करणारे जंतू मरतात.

तिसरी गोष्ट पहिल्या भरणीची. शेणकाला टाकीत सुमारे ४० दिवस राहून कुजतो. म्हणून दोन घनमीटरच्या टाकीची पहिली भरणी करण्यास सुमारे दोन टन शेण लागते. ते आधीपासून साठवावे किंवा शेजाऱ्यांकडून आणावे. टाकी अर्धवट भरून ‘गॅस येत नाही’ म्हणून सोडून दिलेली संयंत्रे याच चुकीमुळे बंद पडलेली असतात.

खर्च कधी भरून येतो

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या विटा-सिमेंटचा व गवंड्याचा भाव त्यांत घालावा आणि चालू अनुदान पंचायत समितीत विचारून घ्यावे. समजा, दीनबंधू पद्धतीचे दोन घनमीटरचे संयंत्र अनुदान वजा जाता ३६,००० रुपयांना पडले. घरी पूर्वी महिन्यास एक सिलिंडर लागत असे आणि त्याचा भाव ९०० रुपये धरला, तर वर्षाचे १०,८०० रुपये वाचतात. दुरुस्ती, शेगडी, नळी यांसाठी वर्षास १,००० रुपये राखून ठेवले, तर निव्वळ बचत ९,८०० रुपये राहते. भांडवल पावणेचार वर्षांच्या आत भरून निघते, आणि चांगले बांधलेले संयंत्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालते.

आता हेच संयंत्र निम्म्या शेणावर चालले असे समजा. बचत ५,४०० वर येते, दुरुस्तीचे १,००० वजा जाऊन ४,४०० रुपये उरतात आणि भांडवल फिटण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागतो. संयंत्र तेच, अनुदान तेच. फरक फक्त रोजच्या भरणीचा आहे.

ज्या घरी सिलिंडर नव्हताच आणि सरपण रानातून येत होते, तेथे मात्र रोख बचत शून्य दिसते. पुष्कळदा घरातील कर्ता पुरुष एवढे पाहूनच नकार देतो. परंतु दोन घनमीटर वायू हा सुमारे सात किलो लाकडाचे काम करतो. एवढे लाकूड रोज गोळा करण्यास, फोडण्यास आणि वाहण्यास लागणारा वेळ घरातील स्त्रीचा असतो, आणि धूरही तिच्याच डोळ्यांत व छातीत जातो. भातलावणीच्या व कापणीच्या दिवसांत जिचा एक दिवस मजुरीच्या भावाने मोजला जातो, तिचा सरपणासाठी गेलेला दिवस कोणत्याच वहीत नोंदला जात नाही. हिशेब खरा करावयाचा असेल, तर ही नोंद प्रथम केली पाहिजे. त्याचबरोबर शेण कालविण्याचे रोजचे कामही तिच्याच माथी मारले जाणार असेल, तर तेही त्याच वहीत लिहावे.

किनाऱ्यावरील हवा आणि कोकणातील पाऊस

गोबर गॅसला उबदार हवा मानवते. थंड प्रदेशात हिवाळ्यात वायू फार कमी होतो. पालघरच्या किनारपट्टीवर मात्र पौषातील थोडे दिवस सोडता वर्षभर तो ठीक मिळतो. ही या जिल्ह्याची जमेची बाजू. खर्चाची बाजू म्हणजे खारी हवा आणि पाऊस. लोखंडाची तरंगती टाकी खाऱ्या हवेत लवकर गंजते. तिला दरवर्षी रंग द्यावा लागतो. म्हणून केळवे, माहीम, सातपाटी, तारापूर, डहाणू या बाजूस विटांचा स्थिर घुमट अधिक सोयीचा पडतो. परंतु घुमटाचे काम प्रशिक्षित गवंड्याकडूनच करून घ्यावे. गिलाव्यात केसाएवढी भेग राहिली, तरी वायू तेथून निघून जातो.

भातखाचराच्या कडेला सखल जागी टाकी खणू नये. पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येऊन ती उचलली जाते किंवा तिच्यात शिरते. पिण्याच्या विहिरीपासून किमान पन्नास फूट दूर, उंचवट्यावर, उन्हात आणि गोठ्याजवळ अशी जागा निवडावी. स्लरीच्या खड्ड्यावर छप्पर घालावे. नाहीतर वर्षभराचे खत आषाढातील एका सरीत ओढ्याला जाते. नळीत पाणी साचून ज्योत फडफडते, म्हणून पाणी काढण्याची तोटी असावी. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी पेटवून कधीही तपासू नये. रिकाम्या केलेल्या टाकीत कोणी उतरू नये. आत प्राणवायू नसतो आणि माणूस हाक मारण्याच्या आत बेशुद्ध पडतो.

शेण जाळावे, राबाला घालावे की टाकीत घालावे

या जिल्ह्यात शेणाला तीन मालक आहेत : चूल, राब आणि शेत. शेणी थापून जाळल्या की त्यातील नत्र धुरात जातो आणि साध्या चुलीत उष्णतेचाही जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची रीत जुनी आहे. शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या व गवत रचून जमीन भाजल्याने तण मरते, राख मिळते आणि रोप सहज उपटता येते. म्हणून शेतकरी ती रीत सोडण्यास नाखूश असतो, आणि त्याच्या अनुभवास अर्थ आहे. परंतु त्यासाठी दरसाल शेणाचा साठा आणि झाडांच्या फांद्या खर्ची पडतात.

गोबर-गॅस संयंत्रात शेणातील वायू तेवढा काढून घेतला जातो. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत शिल्लक राहतात. वायूच्या शेगडीत निम्म्याहून अधिक उष्णता भांड्यास मिळते. म्हणजे एकाच शेणाने चूलही पेटते आणि शेतही पोसते. रोपवाटिकेसाठी गादीवाफा करून त्यास स्लरीचे खत द्यावे. वाफ्यावर तण अधिक येते, हे आधीच सांगावे आणि बेणणीची तयारी ठेवावी. पहिल्या वर्षी सर्व रोपे या रीतीने न करता एका वाफ्यावर प्रयोग करून राबाच्या रोपाशी तुलना करण्यास शेतकऱ्यास सांगावे. डोळ्यांनी पाहिलेले तो पुढच्या वर्षी आपणहून करील.

निर्धूर चूल : लहान साधन, मोठा उपयोग

ज्या घरी शेण पुरेसे नाही, त्या घरी सुधारलेली चूल हाच पहिला उपाय होय. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४७ मध्ये ‘मगन चूल’ पुढे आली. १९८३ मध्ये सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात निर्धूर चुली लक्षावधी घरांत बसविण्यात आल्या, आणि पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने ‘लक्ष्मी’ चुलीसारखे नमुने कुंभारांना व बचत गटांना शिकविले. तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा सुमारे दहावा भाग उपयोगी पडतो. नीट बांधलेल्या दोन-वैली चुलीत त्याच्या दुप्पट पडू शकतो. म्हणजे चार मोळ्यांच्या जागी दोन किंवा तीन पुरतात. खर्च संयंत्राच्या मानाने अगदी थोडा.

असे असूनही पुष्कळ चुली मोडून पडल्या. त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. धुराड्यातील काजळी महिन्यातून एकदा काढली नाही, तर धूर घरातच फिरतो. गवताने शाकारलेल्या घरात धुराड्याभोवती पत्र्याची चकती न बसविल्यास आगीची भीती असते. चुलीचे तोंड घरातील भाकरीच्या तव्याच्या व भाताच्या हंडीच्या मापाचे नसेल, तर गृहिणी ते दगडाने फोडून मोठे करते आणि चुलीचा गुणच जातो. शिवाय छपरातील वाशांना व माळ्यावर टांगलेल्या बियाण्याला धुराने कीड लागत नाही, म्हणून थोडा धूर काही घरांना हवाच असतो. तेव्हा चूल बांधण्यापूर्वी जिला तिच्यावर स्वयंपाक करावयाचा आहे तिची भांडी मोजावीत आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे.

सिलिंडर आणि विजेची शेगडी

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे सिलिंडर पाड्यांपर्यंत पोहोचला. सिलिंडर स्वच्छ आहे, धूर नाही आणि जागाही थोडी लागते. अडचण दुसऱ्या सिलिंडरची असते. मजुरी रोजच्या रोज मिळणाऱ्या घरास एका वेळी इतकी रक्कम काढणे जड जाते. म्हणून सिलिंडर पाहुण्यांसाठी व पावसाळ्यातील ओल्या लाकडाच्या दिवसांसाठी राखून ठेवला जातो. अशा घरांना पाच किलोचा लहान सिलिंडर घेता येतो, ही माहिती कार्यकर्त्यांनी आवर्जून द्यावी. सुधारलेली चूल व सिलिंडर यांची जोडी हा पुष्कळ घरांसाठी व्यवहार्य मार्ग आहे.

बोईसरच्या चाळींतून आता विजेची इंडक्शन शेगडीही दिसते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करण्यास तिला सुमारे १२५ युनिटे वीज लागते. वीज युनिटास ८ रुपये पडत असेल, तर हा खर्च १,००० रुपये होतो; म्हणजे सिलिंडर ९०० रुपयांना मिळत असता शेगडी महाग आणि ११०० रुपयांना मिळत असता स्वस्त पडेल. मात्र वापर वाढला की पुढील टप्प्याचा दर लागू होतो, सपाट बुडाची भांडी लागतात आणि वीज गेली की चूलही गेली. म्हणून ती जोडीला असावी. एकटीवर घर चालवू नये.

दिवा : आधी बचत, मग सूर्य

विजेच्या बाबतीत एक नियम निरपवाद आहे : निर्माण केलेल्या युनिटापेक्षा वाचविलेले युनिट स्वस्त पडते. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्यास ९ युनिटे लागतात. त्याच उजेडाचा ९ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटाहूनही कमी वीज घेतो. असे चार दिवे बदलले, तर महिन्यास ३० युनिटे वाचतात. खर्च काही शे रुपयांचा. छपरावर सौर पट बसविण्याची गोष्ट यानंतर बोलावी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराच्या छपरावरील सौर संचास पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटास १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. एक किलोवॅटच्या संचास सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाकाठी त्यापासून सुमारे १,२०० युनिटे वीज मिळते. समजा, असा संच ६५,००० रुपयांना पडला आणि अनुदान वजा जाता ३५,००० रुपये घरचे गेले. बोईसरच्या ज्या घरी महिन्यास १५० युनिटे लागतात आणि युनिट ८ रुपयांना पडते, तेथे वर्षास ९,६०० रुपये वाचून खर्च पावणेचार वर्षांत भरून येतो. याउलट, ज्या पाड्यावरील घरी महिन्यास ३० युनिटेच लागतात आणि दर ६ रुपये पडतो, तेथे वर्षाची बचत २,१६० रुपये. ३५,००० फिटण्यास सोळा वर्षे लागतील. अशा घरांसाठी शासनाचे अधिक अनुदान मिळत असेल, तर हिशेब बदलतो. त्याची चौकशी महावितरणच्या कार्यालयात करावी. युनिटाचा खरा दर काढण्यासाठी बिलातून स्थिर आकार वजा करून उरलेल्या रकमेस युनिटांच्या संख्येने भागावे, कारण स्थिर आकार सौर संच बसविल्यावरही द्यावाच लागतो.

सौर संचाविषयी तीन गोष्टी विक्रेता सांगेलच असे नाही. पहिली : वाहिनीस जोडलेला, बॅटरी नसलेला संच वाहिनीतील वीज गेली की आपोआप बंद होतो. वाहिनीवर काम करणाऱ्या तंत्र्यास धक्का बसू नये म्हणून तशी योजना असते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा उजेड मिळेल या आशेने संच घेणाऱ्याची निराशा होते. तसा उजेड हवा असेल, तर बॅटरीचा निराळा लहान दिवा घ्यावा. दुसरी : आषाढ-श्रावणात उत्पादन निम्म्यावर येऊ शकते. एप्रिल-मेमधील जादा युनिटे त्याच आर्थिक वर्षात पुढे वळती होतात, म्हणून वर्षाचा मेळ बसतो. परंतु एका महिन्याच्या बिलावरून संचाची परीक्षा करू नये. तिसरी : जून २०२० मधील ‘निसर्ग’ व मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी कोकण किनाऱ्याला वाऱ्याची ताकद दाखविली आहे. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला असावा, बोल्ट न गंजणारे असावेत आणि जुन्या कौलारू छपराचे वासे भार पेलतील की नाही, हे सुताराकडून पाहून घ्यावे.

सौर चूल आणि घरगुती पवनचक्की

सौर चुलीचा प्रयत्न दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० नंतरच्या दशकात केला होता. चूल काम करी, परंतु लोकांनी ती घेतली नाही. उन्हाच्या वेळी शेतकरी कुटुंब शेतात असते, आणि जेवण शिजविण्याची वेळ पहाटेची व दिवेलागणीची असते. आजची पेटीची सौर चूल डाळ-भात शिजविण्यास उत्तम आहे. परंतु भाकरी तिच्यावर होत नाही आणि पावसाळ्याचे चार महिने ती बंद राहते. अंगणवाडी, आश्रमशाळा अथवा दुपारी घरी माणूस असणारे घर येथे तिचा उपयोग होतो.

समुद्रावर वारा आहे म्हणून घरावर पवनचक्की बसवावी, असेही काहींना वाटते. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातील शक्ती आठव्या हिश्शावर येते. माड-सुरूंच्या झाडोऱ्यात छपराच्या उंचीवर वारा अडतो, आणि खाऱ्या हवेत फिरते भाग लवकर झिजतात. तेव्हा एका घराने एकट्याने या वाटेस जाऊ नये.

तीन घरे, तीन निर्णय

किनारपट्टीवरील बागायतदाराच्या घरी तीन बांधलेल्या म्हशी व दोन बैल आहेत. शेण ५५ किलो, विहीर दारात. येथे दोन घनमीटरचे दीनबंधू संयंत्र निःशंक बांधावे. स्लरी चिकूच्या व माडाच्या आळ्यांत जाईल.

मोखाड्याच्या पाड्यावर दोन चरणारे बैल आहेत. उन्हाळ्यात पाणी लांब आहे. शिवाय दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि घर पावसाळ्यापर्यंत बंद राहते. रोज भरणी न मिळालेले संयंत्र अशा घरी मरणारच. येथे सुधारलेली चूल, लहान सिलिंडर, एलईडी दिवे आणि सोबत नेता येईल असा सौर कंदील, एवढेच योग्य.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक भागातील स्वतःच्या स्लॅबच्या घरी गुरे नाहीत, पण बिल मोठे आहे. येथे प्रथम दिवे व पंखे बदलावेत, मग एक किंवा दोन किलोवॅटचा सौर संच घ्यावा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराने पहिल्या पायरीवरच थांबावे. खानावळी व वसतिगृहे यांच्या उष्ट्या-खरकट्यासाठी मात्र भाभा अणुसंशोधन केंद्रातील शरद काळे यांच्या प्रयत्नांतून पुढे आलेली ‘निसर्गऋण’ पद्धती विचारात घेण्यासारखी आहे.

शिफारस करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणत्याही अर्जावर सही घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे घरच्या स्त्रीसमक्ष लिहून घ्यावीत.

१. आठ दिवस मोजलेल्या शेणाची रोजची सरासरी किती?
२. वैशाखात पाण्याचा हंडा किती अंतरावरून येतो?
३. वर्षातील कोणते महिने घर बंद असते?
४. सरपणासाठी आठवड्यात किती वेळ जातो आणि कोणाचा?
५. मागील बारा महिन्यांचे वीजबिल व सिलिंडरच्या पावत्या काय सांगतात?
६. साधन बिघडल्यास ते दुरुस्त करणारा माणूस किती कोसांवर आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर गावातीलच एखाद्या तरुणास किंवा गवंड्यास आधी शिक्षण द्यावे आणि मगच साधने आणावीत. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतीच्या व स्लरीच्या उपयोगाविषयी तेथे सल्ला घेता येईल.

उद्दिष्टाचा आकडा पुरा करण्यासाठी बांधलेली दहा संयंत्रे आणि गरज पाहून बांधलेली चार संयंत्रे, यांत गावाच्या उपयोगी पडणारी चारच होत. बंद पडलेले एक संयंत्र शेजारच्या दहा शेतकऱ्यांचा विश्वास घालविते, आणि तो परत मिळविण्यास कोणतेही अनुदान पुरे पडत नाही. उलट, ज्या घरी चूल धुराशिवाय पेटते, शेण शेतात जाते आणि मोळीसाठी जाणारा वेळ वाचतो, त्या घराची वाट शेजारी आपणहून विचारीत येतात. शेतकरी बंधूंनी आणि भगिनींनी येत्या हंगामापूर्वी आपल्या घराच्या इंधनाची एक महिन्याची वही लिहून पाहावी. पुढचे पाऊल कोणते टाकावे, हे ती वहीच त्यांना सांगेल.